पाच लाखांचं कवच आणि बीपीची गोळी

दादाशी फोनवर बोलताना सध्या एकच वाद निघतो. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतल्या मोफत उपचारांची मर्यादा दीड लाखावरून पाच लाखांवर नेण्याचा आणि ती राज्यातल्या सगळ्यांना खुली करण्याचा निर्णय महाराष्ट्र सरकारने २०२३ मध्ये घेतला. आता तुझ्या इंग्लंडात आणि आमच्यात फरक काय राहिला, असं दादा विचारतो. त्याच्या साडूंची अँजिओप्लास्टी याच योजनेतून झाली, खिशातून रुपया गेला नाही. तुमच्याकडे मात्र गुडघ्याच्या ऑपरेशनला माणूस ताटकळत बसतो, हे तो ऐकवतोच.

ताटकळणं खरं आहे. इथल्या सरकारी आरोग्यसेवेत, म्हणजे एनएचएसमध्ये, ९२ टक्के रुग्णांचे उपचार १८ आठवड्यांच्या आत सुरू व्हावेत असा दंडक आहे आणि २०१६ नंतर तो पाळला गेलेला नाही. प्रतीक्षायादी ७० लाखांच्या वर आहे. लोक दुखणं अंगावर काढत थांबतात, त्याचं समर्थन मी करणार नाही. ही सेवा फुकटही नाही. करातून तर पैसे जातातच, शिवाय व्हिसावर आलेल्या बहुतेक प्रौढांना वर्षाला १,०३५ पौंड आरोग्य अधिभार आगाऊ भरावा लागतो.

तरीही दादाचं म्हणणं मला पटत नाही. फुले योजना सुरू होते ती माणूस रुग्णालयात दाखल होण्याइतका आजारी पडल्यावर. ठरलेल्या यादीतला उपचार, योजनेतलं रुग्णालय, तिथला आरोग्यमित्र (योजनेची कागदपत्रं पाहणारा मदतनीस), मग मंजुरी. साडूंचा जीव वाचला, हे फार मोठं काम आहे. पण त्याआधी कित्येक वर्षं त्यांचं बीपी वाढलेलं होतं. गोळी महाग वाटली की ते मध्येच बंद करायचे आणि त्यांना कुणी हटकलं नाही. रोजची गोळी, शुगरची तपासणी, साधा ताप यांना त्या पाच लाखांतला एक पैसाही लागू होत नाही.

इंग्लंडात मला सगळ्यात मोलाचा वाटतो तो वस्तीतला दवाखाना. तिथे माझं नाव नोंदलेलं आहे, जुने रिपोर्ट आहेत, तपासणीची वेळ झाली की तिथूनच निरोप येतो. साठी उलटलेल्यांना औषधाचे पैसे पडत नाहीत. मधुमेहाची औषधं चालू असतील तर कुठल्याच औषधाचे पडत नाहीत.

आपल्याकडे याचा सांगाडा कधीचा उभा आहे. सपाट भागात ३० हजार आणि आदिवासी भागात २० हजार लोकसंख्येमागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र, खाली उपकेंद्रं, गावात आशाताई. १५ ऑगस्ट २०२३ पासून सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत केसपेपरचे पैसेही घेत नाहीत. पण केसपेपर फुकट मिळाला आणि औषधाची चिठ्ठी बाहेरच्या मेडिकलची असली, तर शेतमजूर बाईचा त्या दिवसाचा रोजगार बुडाला तो बुडालाच.

ऑक्टोबर २०२३ मध्ये नांदेडच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात २४ तासांत २४ रुग्ण दगावले. त्यांत १२ नवजात बाळं होती. रुग्ण लांबून, अत्यवस्थ झाल्यावर येतात, असं तेव्हा सांगितलं गेलं. मग ते तिथवर पोचेपर्यंत वाटेतली केंद्रं काय करत होती, हे विचारायला नको? आठ-पंधरा दिवस औषधखरेदीवर गदारोळ झाला आणि मग सगळे पुन्हा लाखांच्या आकड्यांकडे वळले.

खेड्यात डॉक्टर टिकत नाहीत, हे दादाचं शेवटचं अस्त्र. आमच्या इथल्या दवाखान्यात भारतात शिकलेले डॉक्टर भेटतात तेव्हा मला त्याचं वाईट वाटतं. पण वर्षानुवर्षं कंत्राटावर ठेवलं, राहायला धड क्वार्टर दिलं नाही, तर कोण टिकेल?

इथली प्रतीक्षायादी दर महिन्याला जाहीर होते आणि त्या आकड्यावरून संसदेत सरकारला धारेवर धरलं जातं. निवडणुकीत मतं मागायला येणाऱ्यांकडे दादाने एवढंच मागावं असं मला वाटतं: आपल्या तालुक्यातल्या प्रत्येक आरोग्य केंद्रात या महिन्यात कुठली औषधं संपली होती आणि कुठलं पद रिकामं होतं, याची यादी केंद्राच्या दारावर लावा.