‘जनावरांना धूर बाधत नाही’ म्हणे!

नेरूळच्या आमच्या सोसायटीत कुत्री-मांजरं पाळणाऱ्यांचा एक व्हॉट्सअॅप ग्रुप आहे. लसीकरण कधी, लिफ्टमध्ये कोणाच्या कुत्र्याने शी केली, असल्या गोष्टी त्यावर चालतात. गेल्या आठवड्यात चौथ्या मजल्यावरच्या काकांनी तिथे एक मेसेज टाकला. ऐरोलीच्या मेहुण्याकडून आणि ऑफिसच्या ग्रुपवरून तो मला आधीच दोनदा आला होता, म्हणजे चांगलाच फिरतोय. मजकूर थोडक्यात असा: ‘सिगारेटचा धूर पाळीव प्राण्यांना बाधतो हे डॉक्टरांचं नवं दुकान आहे. जनावरांची फुप्फुसं दणकट असतात, भटकी कुत्री कचऱ्याचा धूर खाऊनही ठणठणीत. त्रास होत असता तर प्राणी उठून गेला असता. खिडकी उघडा, गॅलरीत ओढा, विषय संपला. कॅन्सर व्हायला वीस वर्षं लागतात, मांजर जगतं पंधरा. आणि देवापुढच्या उदबत्तीचं काय?’ खाली हात जोडलेले तीन इमोजी.

मी स्वतः अकरा वर्षं ओढली आहे, त्यामुळे असा मेसेज किती गोड लागतो ते मला ठाऊक आहे. तरीही उत्तर लिहितोय, कारण तो लिहिणाऱ्याने एक गोष्ट धरलेलीच नाही: मांजराच्या पोटात धूर फक्त नाकावाटे जात नाही, जिभेवरूनही जातो.

माझ्याच घरातलं सांगतो. आमची ठमी कपाटावर झोपते, बरोबर पंख्याच्या पातळीला. मी ओढत होतो त्या काळात एका दिवाळीला पंख्याची पाती पुसायला स्टुलावर चढलो. ओलं फडकं फिरवलं तर त्यावर पिवळट तपकिरी, चिकट असा थर आला. स्वयंपाकघरातल्या पंख्यावर तेलकट धूळ बसते तशी नव्हे. वास थेट विझवलेल्या सिगारेटचा. तेवढ्यात ठमी उठली, आळस दिला आणि पाठ चाटायला लागली. पात्यांवर जे बसलं होतं तेच तिच्या केसांवर बसत असणार, आणि ती ते रोज चाटून पोटात घेत होती. जागेपणातला बराच वेळ मांजर अंग चाटण्यात घालवतं. माणूस सोफ्याची गादी चाटत नाही, मांजराच्या बाबतीत मात्र गादी आणि ताट एकच.

आता ‘वीस वर्षं लागतात’ या मुद्द्याकडे येतो. अमेरिकेतल्या टफ्ट्स विद्यापीठाच्या संशोधकांनी २००२ मध्ये लिम्फोमा, म्हणजे लसिका ग्रंथींचा कॅन्सर, झालेली ८० मांजरं आणि मूत्रपिंडाचा आजार असलेली ११४ मांजरं यांची तुलना केली. ज्या घरात कोणी ना कोणी ओढत होतं तिथल्या मांजरांमध्ये लिम्फोमाचा धोका सुमारे २.४ पट निघाला, आणि असा धूर पाच वर्षं किंवा त्याहून जास्त मिळाला असेल तर ३.२ पट. वीस नाही, पाच. मांजराचं आयुष्य छोटं तसे त्याचे आजारही लवकर येतात, आठ-दहा वर्षांचं मांजर म्हणजे म्हातारपणाच्या उंबरठ्यावरचं. हा अभ्यास काही लाखभर मांजरांचा नव्हता, लहान होता, हे मान्य. पण धूर जितका जास्त वर्षं तितका धोका जास्त, ही चढण त्यात दिसते, आणि निव्वळ योगायोगाने अशी चढण सहसा येत नाही.

कुत्र्यांच्या बाबतीत मी मेसेजवाल्याला थोडं माप देतो. फुप्फुसाच्या कॅन्सरचा पुरावा तिथे कच्चा आहे. १९९२ च्या एका अमेरिकी अभ्यासात धोका किंचित वाढलेला दिसला, पण आकडे ठाम बोलावं इतके पक्के नव्हते. ‘घरात ओढली की कुत्रा मरतो’ असे उलट बाजूचे मेसेजही फिरतात, तेही तितकेच फेकू. मात्र १९९८ मध्ये त्याच संशोधकांच्या गटाने नाकाच्या कॅन्सरकडे पाहिलं, तेव्हा लांब नाकाच्या कुत्र्यांमध्ये धोका साधारण दुप्पट आढळला. आखूड नाकाच्यांत तसं दिसलं नाही. लांब नाक गाळणीचं काम करतं आणि धुरातले कण तिथेच अडकतात, असं त्याचं स्पष्टीकरण दिलं जातं. पगचं नाक बसकं, गाळणी तोकडी, तेव्हा हवा जवळपास जशीच्या तशी आत जाणार. म्हणजे ‘दणकट’ वगैरे काही नाही. नाकाच्या घडणीप्रमाणे नुकसानीची जागा बदलते.

भटक्या कुत्र्यांचं उदाहरण मला नेहमीच गमतीचं वाटतं. आपल्याला जी दिसतात ती वाचलेली. जी गेली त्यांचं पोस्टमॉर्टेम कोण करतं? शिवाय ती उघड्यावर असतात. दोन खोल्यांच्या, काचा लावलेल्या फ्लॅटमध्ये सोफ्यावर लोळणाऱ्या लॅब्राडॉरशी त्यांची तुलना होत नाही.

‘त्रास होत असता तर उठून गेला असता’ हे वाचून मला माझीच आठवण झाली. ठमीही माझ्या मांडीवरच यायची. मी तेव्हा एका जागी शांत बसलेलो असायचो, हे तिच्या दृष्टीने पुरेसं होतं. प्राणी माणसाजवळ येतो, धुराजवळ नाही. पुढे तिला खोकला लागला. दबून बसायची, मान पुढे ताणायची, खर्र खर्र करायची आणि बाहेर काहीच पडायचं नाही. आम्ही महिनाभर केसांचा गोळा अडकलाय समजून पेस्ट चाटवत राहिलो. डॉक्टरांनी मोबाइलवरचा व्हिडिओ पाहिला आणि पहिला प्रश्न विचारला, ‘घरात कोण ओढतं?’ दमा निघाला. तो माझ्यामुळेच झाला असं मी म्हणणार नाही, मांजरांना दमा इतर कारणांनीही होतो. पण दम्याच्या मांजरासमोर धूर सोडणं हे काय आहे, ते त्या दिवशी कळलं.

खिडकी आणि गॅलरीचा उपाय मीही केलाय. आमच्याकडे गॅलऱ्या सगळ्यांनी स्लाइडिंग लावून बंद केलेल्या, एक काच सरकवून बाहेर तोंड काढायचं. पावसाळ्यात खाडीकडून वारा आला की धूर सरळ हॉलमध्ये. आणि एसी चालू असला तर बोलायलाच नको: स्प्लिट एसी बाहेरची हवा आत आणत नाही, खोलीतलीच हवा गार करून पुन्हा फिरवतो. अमेरिकेच्या सर्जन जनरलच्या, म्हणजे तिथल्या सरकारच्या प्रमुख आरोग्य अधिकाऱ्याच्या, २००६ च्या अहवालात स्वच्छ लिहिलंय की वेगळी खोली, हवा खेळती ठेवणं किंवा फिल्टर यांनी घरातला धूर पूर्ण जात नाही. ते माणसांबद्दल आहे, पण हवा तीच. ग्लासगो विद्यापीठात प्राण्यांच्या केसांतलं निकोटिन मोजलं गेलं. मालक बाहेर जाऊन ओढत असले तर मांजरांच्या शरीरात कमी जातं, पण शून्य होत नाही, असं त्यातून दिसलं. शर्टाला, हातांना चिकटून आत येतंच.

उदबत्तीचा मुद्दा, खरं सांगायचं तर, बरोबर आहे. धूप-उदबत्तीच्या धुरातही बारीक कण असतात आणि दम्याच्या मांजराला तो चालत नाही. आमच्या आईने उदबत्ती बंद करून नुसतं निरांजन ठेवलं. पण उदबत्तीही वाईट, म्हणून सिगारेट चांगली ठरते कशी?

मेसेजमध्ये नसलेली एक गोष्ट मात्र सर्वांत तातडीची आहे: थोटकं. जळून उरलेल्या तुकड्यातही साधारण ५ ते ७ मिलिग्रॅम निकोटिन राहतं. कुत्र्याला किलोमागे १ मिलिग्रॅमलाच लक्षणं दिसू शकतात, आणि ९ च्या आसपास जीव जाऊ शकतो. दोन किलोच्या पिल्लाने एक थोटूक गिळलं तर हिशोब तुम्हीच करा. पाऊण तासाच्या आत लाळ, उलट्या, थरथर सुरू होते. घरात वास नको म्हणून कुंडीत खुपसलेली थोटकं हीच पिल्लांची आवडती खोदाई. तंबाखूची पुडी, गुटखा हेही त्याच हिशोबात. असं झालं तर इनो किंवा अॅसिडिटीचं औषध पाजू नका, आम्ल कमी झालं की निकोटिन जास्त वेगाने रक्तात जातं. सरळ डॉक्टर गाठा.

एवढं सगळं ग्रुपवर टाकल्यावर काकांनी तासाभराने विचारलं, ‘बरं, मग एसी बंद करून ओढली तर?’ मी लिहिलं, ‘काका, खाली गेटपाशी जा, वर आल्यावर शर्ट बदला, हात धुवा, मगच ब्रूनोला हात लावा. आणि कुंडी आजच साफ करा.’ निळ्या टिका आल्या. संध्याकाळी ब्रूनोला फिरवताना दिसले, शर्ट बदललेला होता, खिशातलं सिगारेटचं पाकीट मात्र जागच्या जागी.