फोल्डर शेअर चालेल, पोर्ट ४४५ मात्र उघडू नका

नमस्कार. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: घरच्या टीव्हीला विंडोजचा शेअर केलेला फोल्डर पुरतो, जेलीफिन (पीसीवरचे सिनेमे इतर उपकरणांना पुरवणारा सर्व्हर प्रोग्राम) म्हणजे उगाच खटाटोप. सिनेमा अडकतो तो वाय-फायमुळे. जुन्या टीव्ही बॉक्सला फोल्डर दिसत नसेल तर एसएमबी १ (विंडोजच्या फोल्डर शेअरिंगची जुनी पद्धत) चालू करावं, आणि पुण्यात शिकणाऱ्या मुलासाठी राउटरवर पोर्ट ४४५, म्हणजे या शेअरिंगचं नेटवर्कवरचं दार, उघडावं. आणि दोन डिस्कवर एकच मजकूर ठेवणारा मिरर असला की बॅकअप झालाच.

फोल्डरबद्दल वाद नाही. एकच टीव्ही, त्यावर कोडी किंवा व्हीएलसी यांसारखं व्हिडिओ चालवणारं ॲप, आणि फाइल टीव्हीला पेलणारी असेल तर फोल्डरच शेअर करा. फक्त 'एव्हरीवन'ला फुल कंट्रोल देऊ नका. टीव्हीसाठी वेगळं लोकल खातं काढा, त्याला पासवर्ड द्या आणि परवानगी फक्त 'रीड'ची ठेवा. आपलंच खातं वापरणारे इथे हमखास अडकतात, कारण रोजचा पिन नेटवर्कवर चालत नाही, खात्याचा पासवर्डच लागतो. शिवाय पीसी स्लीपमध्ये गेला की फोल्डर गायब होतो, तेव्हा स्लीप 'नेव्हर' करा.

अडकण्याचं कारण मात्र दर वेळी वाय-फाय नसतं. दोन तासांचा २० जीबीचा सिनेमा सेकंदाला सरासरी २२ मेगाबिट मागतो. टीव्हीचं १०० मेगाबिटचं लॅन पोर्टसुद्धा त्याला पुरून उरतं. म्हणून आधी केबल लावून बघा. केबलवर सुरळीत चाललं तर दोष वाय-फायचा. केबलवरही आवाज येतो पण चित्र नाही, तर फाइलमधलं चित्र बहुधा टीव्हीला न पेलणाऱ्या १०-बिट एचईव्हीसी प्रकारात आहे. चित्र आहे पण आवाज नाही, तर आवाज बहुधा टीव्हीला न पेलणाऱ्या डीटीएस प्रकारात आहे. फोल्डर शेअर फाइल जशीच्या तशी पोचवतो, ती उलगडायचं काम टीव्हीचं. टीव्हीला जमत नसेल तर जेलीफिन ती वाटेतच बदलून देतो. नुसता आवाज बदलायला रास्पबेरी पाय हा तळहाताएवढा संगणकही पुरतो. चित्र बदलायचं तर क्विक सिंक (व्हिडिओ बदलणारा खास भाग) असलेला सातव्या पिढीचा किंवा त्यापुढचा इंटेल प्रोसेसर घ्या. रास्पबेरी पाय ५ मध्ये असा व्हिडिओ बदलणारा भाग (हार्डवेअर एन्कोडर) नाहीच, त्यामुळे तिथे सगळा भार प्रोसेसरवर येतो. ब्लू-रेवरून आलेली चित्ररूप सबटायटल्सही अनेकदा हीच मेहनत करायला लावतात; त्याऐवजी यूटीएफ-८ या अक्षरपद्धतीत सेव्ह केलेली एसआरटी, म्हणजे साध्या मजकुराची सबटायटल फाइल ठेवा, मराठी अक्षरंही नीट दिसतील.

आता एसएमबी १. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय हा खंडणी मागणारा व्हायरस जगभर पसरला तो याच्यातल्याच भगदाडातून. त्याच वर्षापासून मायक्रोसॉफ्टने नव्याने टाकलेल्या विंडोज १० मध्ये त्याचा सर्व्हर भाग, म्हणजे फोल्डर शेअर करणारा भाग, बसवणं थांबवलं. एका बॉक्ससाठी अख्ख्या घराचं दार उघडं ठेवू नका. कोडीच्या एसएमबी क्लायंटमध्ये किमान आवृत्ती २ निवडा. बॉक्सला तेही जमत नसेल तर त्याला पेन ड्राइव्ह लावा. ४ जीबीपेक्षा मोठी फाइल एफएटी३२ वर मावत नाही, म्हणून तो एक्सफॅट किंवा एनटीएफएसमध्ये फॉरमॅट करा. बॉक्स यातलं काय वाचतो ते आधी तपासा.

आणि ४४५ इंटरनेटवर कधीही उघडू नका, कितीही लांबलचक पासवर्ड असला तरी. राउटरचा वॅन आयपी, म्हणजे इंटरनेटकडचा पत्ता, १००.६४ ते १००.१२७ यांपैकी कशानेही सुरू होत असेल तर तुम्ही सीजीनॅटमागे आहात, म्हणजे कंपनी एकच पत्ता अनेक ग्राहकांत वाटते; तिथे पोर्ट उघडूनही उपयोग नाही. पीसीवर आणि मुलाच्या फोनवर एकाच खात्याने टेलस्केल टाका; ते दोन्ही उपकरणांना सुरक्षित खासगी नेटवर्कने जोडतं. मग त्याच्या जेलीफिन ॲपमध्ये पीसीचा टेलस्केल आयपी आणि पुढे :८०९६ लिहा. क्वालिटी तुमच्या अपलोड वेगाच्या निम्म्यावर ठेवा. इथे फोल्डर शेअर कमी पडतो, कारण त्याला फाइल हलकी करून पाठवता येत नाही.

राहिला मिररचा मुद्दा. दोन डिस्क एकाच पीसीत, पीसी सांगलीच्या गावभागात तळमजल्यावर, आणि त्यालाच तुम्ही बॅकअप म्हणता. चुकून पुसलेली फाइल मिररवरूनही त्याच क्षणी पुसली जाते, आणि २०१९ सारखं कृष्णेचं पाणी घरात आलं तर दोन्ही डिस्क एकदमच जातील. सिनेमे पुन्हा मिळतील, घरच्या कॅसेटवरून उतरवलेली गाणी आणि लग्नाचे व्हिडिओ मिळणार नाहीत. तेवढ्यांची प्रत एका पोर्टेबल डिस्कवर घ्या आणि ती विश्रामबागेत नातेवाइकांकडे ठेवा, पावसाळ्याआधी.