आधी वर्डमार्क, मग बाकीचं बघू

तुमच्याकडे स्वतःचा वर्डमार्क नाहीये अजून? म्हणजे तुम्ही नाव आपलं असंच लिहिता, हातात येईल त्या पेनाने, येईल त्या अक्षरात? असू दे, लाजू नका, मीही एकेकाळी तसाच होतो. पण आता माझ्याकडे वर्डमार्क आहे, तो छापलेल्या चौदा वस्तू आहेत आणि थोडं कर्ज आहे, त्यामुळे सल्ला द्यायचा अधिकार मला आपोआप आला.

वर्डमार्क म्हणजे लोगोच, फक्त त्यात पान, पक्षी, ढालबिल काही नसतं, नुसतं नाव, पण असं लिहिलेलं की बघणाऱ्याला वाटलं पाहिजे यामागे काहीतरी मोठं चालू आहे. कोका-कोलाचं घ्या. १८८६ साली फ्रँक रॉबिन्सन नावाच्या, कंपनीचे हिशेब लिहिणाऱ्या माणसाने त्या काळच्या वळणदार लिपीत ते नाव लिहिलं आणि थोडेफार बदल सोडले तर अजून तेच चाललंय. एक हिशेबनीस जमाखर्च सांभाळून हे करू शकतो तर तुम्हाला आम्हाला काय अवघड आहे, आपण तर जमाखर्चही सांभाळत नाही.

इथे काही लोक हमखास विचारतात की अहो पण मी करतो काय, विकतो काय, हे नाव लावायचं कशावर? हा प्रश्न मनात आला की एक ग्लास पाणी प्यायचं आणि फॉन्ट बघायला बसायचं, जातो तो. ड्यूररचं उदाहरण डोळ्यासमोर ठेवा. आल्ब्रेख्त ड्यूरर, पाचशे वर्षांपूर्वीचा जर्मन चित्रकार, मोठ्या ए च्या दोन पायांमध्ये छोटा डी बसवायचा, बास, एवढीच त्याची खूण. व्हेनिसमध्ये एकाने त्याच्या चित्रांची नक्कल केली ती त्या खुणेसकट, ड्यूररने तक्रार केली, आणि निकाल काय लागला म्हणे, चित्रांची नक्कल चालेल पण खूण वापरायची नाही. म्हणजे बघा, चित्र कोणीही काढावं, जपायची ती खूण. आता त्या बिचाऱ्याने आधी चित्रं काढली आणि मग खूण लावली, उगाच लांबचा रस्ता. आपण सरळ खुणेपासून सुरुवात करायची.

तर फॉन्ट. याला साधारण तीन आठवडे ठेवा, सुट्टी मिळत असेल तर चार. हेल्वेटिका १९५७ साली स्वित्झर्लंडमध्ये मॅक्स मीडिंगरने केला, तेव्हा त्याचं नाव नॉय हास ग्रोटेस्क होतं, १९६० मध्ये ते बदलून हेल्वेटिका केलं. म्हणजे खुद्द फॉन्टलासुद्धा रिब्रँडिंग करावं लागलं तर तुमच्या आजोबांनी ठेवलेल्या नावाचं काय घेऊन बसलात. ही माहिती पाठ करा, चारचौघांत सांगता येते, आणि समोरचा उठून गेला की समजायचं आपल्याला डिझाइन कळायला लागलं.

पण खरी मजा देवनागरीत आहे. रोमन अक्षरं गरीब असतात, रांगेत उभी राहतात. आपल्याकडे अक्षराला तीन मजले, वर वेलांट्या, मात्रा आणि रफार, मध्ये अक्षर, खाली उकार, आणि या सगळ्याला दोरीवर वाळत घातल्यासारखी शिरोरेघ. मिनिमल डिझाइनचा पहिला नियम म्हणून ती शिरोरेघ आधी उडवायची, सगळेच उडवतात. माझं नाव नितीन. शिरोरेघ गेल्याबरोबर माळ तुटल्यासारखी अक्षरं सुटी झाली आणि मधल्या फटी दिसायला लागल्या, मग त्या फटी कमीजास्त करत बसायचं, याला कर्निंग म्हणतात आणि यात माणूस रात्री दोन वाजेपर्यंत आरामात जागतो. अकराव्या रात्री माझ्या लक्षात आलं की वेलांट्या फार गर्दी करतायत, म्हणून त्यांच्या वरच्या कमानी काढल्या, नुसते दांडे ठेवले. मग दांडेही जड वाटले. उरलं ते न त न, तेही बिनरेघेचं, शिवाय न ची गाठ मी जरा अ‍ॅब्स्ट्रॅक्ट केलेली, आणि मला इतकं भरून आलं की मी घरातल्यांना उठवलं. बायको झोपेत म्हणाली, छान आहे, कुठल्या टायरच्या कंपनीचा आहे?

अशा प्रतिक्रियांनी खचायचं नाही. दहा लोकांना दाखवायचं नाही आणि पर्याय तर मागायचेच नाहीत, द्यायचेही नाहीत. १९८६ साली पॉल रँडने स्टीव्ह जॉब्सच्या नेक्स्ट कंपनीचा लोगो केला, फी घेतली १,००,००० डॉलर, आणि जॉब्सने दोनचार पर्याय मागितले तर सरळ नाही म्हणाला, एकच देणार, पटलं तर वापर नाहीतर नको, पैसे मात्र द्यायचे. काय बाणा! मी हाच बाणा स्वतःशी दाखवला. मीच क्लायंट, मीच डिझायनर, मीच नकार दिला आणि मीच गप्प बसलो. लोकांचं ऐकणाऱ्यांचं काय होतं ते गॅप या कपड्यांच्या कंपनीला विचारा, २०१० साली त्यांनी नवा लोगो आणला, हेल्वेटिकातली अक्षरं आणि कोपऱ्यात एक निळा चौकोन, लोकांनी इंटरनेटवर असा काही दंगा केला की जेमतेम आठवड्याभरात जुना परत लावला. आपल्या बाबतीत दंगा होणार नाही, त्यासाठी आधी कोणाचं तरी लक्ष जावं लागतं, हा एक मोठा फायदा आहे आपल्याकडे.

हां, आणि एक छुपा अर्थ टाकायचाच. १९९४ साली फेडेक्स या कुरिअर कंपनीच्या लोगोत ई आणि एक्स च्या मधल्या मोकळ्या जागेत बाण बसवला तेव्हापासून जगातल्या प्रत्येक डिझायनरला कुठेतरी बाण लपवायचा आहे. मी त आणि शेवटच्या न च्या मध्ये एक उडणारा पक्षी लपवलाय. तो इतका छान लपलाय की मलाही रोज सापडत नाही.

रंगाचं थोडक्यात सांगतो. टिफनी या दागिन्यांच्या दुकानाचा जो तो फिक्कट निळा आहे त्याला पँटोनमध्ये, म्हणजे रंगांना नंबर देणाऱ्या यादीत, नंबर आहे १८३७, कारण दुकान १८३७ ला निघालं. तुम्हीही तुमच्या जन्मसालाचा रंग बघा, निघेल तो कसाही निघो. मी स्क्रीनवर बघून एक झगझगीत मोरपंखी घेतला, आरजीबी, म्हणजे स्क्रीनच्या लाल-हिरव्या-निळ्या उजेडातला. छपाईत गेला सीएमवायकेत, म्हणजे चार शाईंत, आणि बाहेर आला तो शेवाळं. स्क्रीन उजेड फेकते आणि कागद शाई पितो, त्यामुळे असले चमकणारे रंग चार शाईंच्या छपाईत बसतच नाहीत, हे मला छापणाऱ्याने समजावून सांगितलं, पाचशे कार्डं छापून झाल्यावर. तुम्ही मात्र शेवाळंच होतं मनात असं म्हणायचं. अर्दी, ऑर्गॅनिक, असे शब्द तयार ठेवा.

आता वस्तू. इथे खरा ब्रँड उभा राहतो. यादी करू नका, यादी केली की कुठेतरी थांबावं लागतं.

पहिल्यांदा मी फाईल पाठवली ती अक्षरं जिवंत ठेवून, म्हणजे कर्व्ह न करता. (लेटरहेडसाठी मी पूर्ण नावाचा, वेलांट्या आणि शिरोरेघेसकट एक फॉर्मल वर्डमार्कही केला होता, हो, दोन असतात, प्रायमरी आणि सेकंडरी, तुमच्याकडे एकही नाही.) समोरच्या कॉम्प्युटरवर माझा फॉन्ट नव्हता आणि त्याच्या सॉफ्टवेअरला देवनागरी जुळवता येत नव्हती. नितीन मधली पहिली वेलांटी खरं तर न च्या आधी दिसायला हवी, ती गेली न च्या मागे आणि बसली त वर. त्या त ला आधीच एक दीर्घ होती. म्हणजे एकाच त ला ऱ्हस्व आणि दीर्घ दोन्ही, ज्याला जे शुद्ध वाटेल ते त्याने वाचावं, इतका उदार लेटरहेड मी कुठे बघितला नाही. दोनशे कागद आहेत, कोणाला पत्र लिहायचं असेल तर सांगा. शहाणा माणूस फाईल कर्व्ह करून देतो, म्हणजे अक्षराचं चित्र होऊन जातं, पण मग तुम्हाला ही गंमत मिळणार नाही.

मग मग. म्हणजे नंतर, कप. मगवर सब्लिमेशनने छापतात, आधी कागदावर उलटं प्रिंट काढायचं, कप गुंडाळायचा, मशिनमध्ये २०० अंश सेल्सिअसच्या आसपास तापवायचा, शाईची वाफ होते आणि लेपात शिरते. यातलं उलटं हे जे आहे ते त्या दिवशी राहिलं. आता माझं नाव त्या कपावर आरशासमोर उभं राहिलं तरच सरळ दिसतं, म्हणून मी सकाळी बेसिनपाशी उभा राहून पितो. आरशात मी, हातात मी. यापेक्षा जास्त पर्सनल ब्रँडिंग कोणी करून दाखवावं.

हीच शाई काळ्या सुती टी-शर्टवर छापायचा हट्ट धरा. ती पॉलिस्टरला धरते, सुताला धरत नाही, आणि गडद कापडावर दिसतही नाही, त्यामुळे पहिल्या धुण्यातच तुमच्याकडे पुन्हा साधा काळा टी-शर्ट असतो, फक्त जास्त किमतीचा. टोपीवर भरतकाम घ्या. मशिनला साधारण मिलिमीटरपेक्षा बारीक रेघ नीट शिवता येत नाही आणि तुमच्या वर्डमार्कमध्ये तर सगळं सौंदर्यच बारीक रेघेत आहे, त्यामुळे कपाळावर दोऱ्याचा एक गोळा येतो. ती अ‍ॅब्स्ट्रॅक्ट गाठ, तिचं तर पार अळी झालीये. लहान मुलं विचारतात, काका हे काय आहे? सांगायचं, मी आहे.

सगळ्यात शेवटी ब्रँड गाईडलाइन्स, पीडीएफमध्ये, निदान तीस पानं. त्यात लिहा की वर्डमार्कच्या चारी बाजूंना न च्या उंचीएवढी मोकळी जागा सोडावी, तिरपा करू नये, ताणू नये, फोटोवर टाकू नये. मी ही पीडीएफ फॅमिली ग्रुपवर टाकली. दोन दिवसांनी आईने माझ्या औषधाच्या बाटलीवर मार्करने नितीन असं लिहिलं, तिरपं, ताणून, आणि मोकळी जागा शून्य. मी पान नंबर सतरा दाखवलं. ती म्हणाली, डोस चुकायला नको म्हणून लिहिलंय.

गैरसमज नको, वाचता न येणारं नाव ही काही वाईट गोष्ट नाही. प्रिन्स या अमेरिकन गायकाने १९९३ मध्ये नाव बदलून एक चिन्ह घेतलं, ज्याचा उच्चारच नव्हता, तर रेकॉर्ड कंपनीला ते चिन्ह असलेल्या फॉन्टच्या फ्लॉपी पेपरवाल्यांना पाठवाव्या लागल्या, कारण ते टाइप कोण कसं करणार. मीही सोसायटीच्या सेक्रेटरींना माझी फाईल पाठवली, मेंटेनन्सच्या बिलावर वापरा म्हणून. रिप्लाय आला नाही, बिल मात्र आलं.

आता छत्रीचं सांगतो आणि थांबतो. छत्री ही माझी सगळ्यात भारी वस्तू, आठही पाकळ्यांवर वर्डमार्क, उघडली की आठ वेळा मी. मागच्या पावसात ती जिन्यात राहिली. मी वरखाली शोधलं, नोटीस लावली, वर्डमार्क असलेली, म्हणजे कोणाची नोटीस आहे हेच कोणाला कळलं नाही. चार दिवस ती खाली गेटपाशीच खिळ्याला टांगलेली होती, रोज सत्तर माणसं तिच्या बाजूने गेली, ओळखणारी, रोज नमस्कार करणारी, आणि कोणालाही ती माझी वाटली नाही. एकाला वाटलं कुठल्या तरी बँकेने फुकट वाटलेली आहे. पाचव्या दिवशी वॉचमनकाकांनी मला टोपीत बघितलं, टोपीवरची अळी बघितली, मग छत्री बघितली, आणि काहीतरी जुळवलं त्यांनी मनात. संध्याकाळी गेलो तर छत्रीच्या दांड्याला दोऱ्याने एक पुठ्ठ्याचा तुकडा बांधला होता आणि त्यावर निळ्या बॉलपेनने लिहिलं होतं, नितीन साहेब, तिसरा मजला.

शिरोरेघ सरळ, वेलांट्या जिथल्या तिथे. मी तो पुठ्ठा घरी आणून खिडकीत धरून बराच वेळ बघितला. आणि सांगायला जीवावर येतंय, पण कर्निंग चांगलं होतं.