'फुकटची पुस्तके माथी मारली' या अभिप्रायास उत्तर

माननीय भाऊ,

मुलीला घरीच शिकवण्यासाठी दहावीपर्यंतच्या गणिताचा अभ्यासक्रम निवडून मागितला असता आम्ही '५०० रुपये घेतले आणि संकेतस्थळावर फुकट मिळणारी बालभारतीची पुस्तके माथी मारली', असे आपण लिहिले आहे. शुल्क आधी स्पष्ट सांगायचे राहून गेले, त्याबद्दल दिलगीर आहे.

'माथी मारली' हे शब्द मात्र मनाला लागले. ती पुस्तके विनामूल्य उतरवून घेता येतात, हे आपणांस मीच सांगितले होते. मोबाइलवर वाचणे जमणार नाही, असे आपण म्हणालात म्हणून छापील प्रती दिल्या, त्याही छापील किमतीलाच. ५०० रुपये पुस्तकांचे नव्हते, त्या दोन तासांचे होते. आठवडी बाजाराच्या दिवशी, गिऱ्हाईक दारात उभे असताना, मी आपल्या मुलीला दुकानामागच्या खोलीत बसवून सहावीपासूनची उदाहरणे सोडवायला दिली. आपण तेवढ्यात कापसाचा भाव पाहायला बाजार समितीत गेला होतात, त्यामुळे हे आपल्या नजरेस पडले नसावे. भूमितीत ती हुशार आहे, अपूर्णांक आणि गुणोत्तर-प्रमाण येथे मात्र अडखळते. म्हणून नववीआधी आठवीचे पुस्तक करून घ्यावे, असे मी तिच्या वहीत लिहून दिले आहे. आपल्या अभिप्रायात त्या वहीचा उल्लेख नाही.

राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेचा (एनआयओएस) पर्यायही मी मांडला होता. तेथे एप्रिल-मे आणि ऑक्टोबर-नोव्हेंबर अशी वर्षातून दोनदा परीक्षा होते. परंतु १७ नंबरचा, म्हणजे शाळेत न जाता खासगीरीत्या परीक्षेला बसण्याचा, फॉर्म भरून राज्य मंडळाचीच दहावी द्यायची, हे आपण घरून ठरवून आला होतात. त्या परीक्षेत बीजगणित आणि भूमिती असे प्रत्येकी ४० गुणांचे दोन पेपर असतात आणि त्यांचा अभ्यासक्रम बालभारतीच्याच पुस्तकांत आहे. मग मी दुसरे काय द्यायला हवे होते? परदेशी अभ्यासक्रमाचा महागडा संच मागवून दिला असता तर मला चार पैसे जास्तच सुटले असते.

आपला अभिप्राय वाचून दोन पालकांनी ठरलेली वेळ रद्द केली. तालुक्याच्या गावातील लहान दुकानाला तेवढेही जड जाते. शुल्काबाबत पुढे योग्य ती व्यवस्था करू.

मुलीची कंपासपेटी त्या दिवशी आमच्याकडेच राहिली आहे, ती कधीही घेऊन जावी.