म्हशीच्या कानातला बिल्ला आणि रॉटरडॅमला अडकलेली द्राक्षं

परवा संध्याकाळी डेअरीत दूध घालायला गेलो तर तिथं लसीकरणाचा विषय रंगला होता. सोमवारी लाळ्या-खुरकुताची लस द्यायला माणसं येणार आहेत. ज्या जनावराच्या कानात नंबरचा बिल्ला नाही त्याला बिल्लाही मारणार. आमच्यातला एकजण म्हणाला, "म्या तर म्हशी सकाळीच मळ्यात न्हेऊन बांधणार. लस टोचली की चार दिवस दूध आटतंय, वर कानाला जखम. आपल्याला काय मिळतंय त्यातनं?" तिघाचौघांनी माना हलवल्या. मी बोललो, पण कॅन खडखडत असताना असलं बोलणं धड होत नाही. म्हणून इथं लिहितोय. लांब आहे, तरी वाचा.

तासगाव तालुक्यात आमची दोन एकर तास-ए-गणेश द्राक्षांची बाग. ही जात आपल्याच बोरगावच्या वसंतराव आर्वे यांनी शोधलेली, हे नव्या पोरांना माहीत असावं म्हणून सांगतो. २०१० च्या हंगामात आमचा माल युरोपला गेला. प्लॉटची नोंदणी झालेली, लॅबचा माणूस बागेत येऊन सॅम्पल घेऊन गेलेला, रिपोर्ट पास. पेट्या भरताना आईनं प्रत्येक घड कात्रीनं साफ केलेला मी पाहिलाय. आणि मग बातमी आली की युरोपात आपल्या द्राक्षात सीसीसी सापडलं.

सीसीसी म्हणजे क्लोरमेक्वाट क्लोराईड. एप्रिलच्या खरड छाटणीनंतर शेंडा थांबावा, काडीत घड चांगला धरावा म्हणून मारायचं संजीवक. ते मारतो तेव्हा द्राक्षाचा घड वेलीवर नसतोच. पण ते काडीत, ओलांड्यात (वेलीच्या आडव्या फांदीत) मुरून राहतं आणि पुढं मण्यात उतरतं. युरोपची तेव्हाची मर्यादा किलोला ०.०५ मिलिग्रॅम. हिशोब करून बघा, २० टन द्राक्षात १ ग्रॅम. आपल्याकडच्या तपासणीच्या यादीत त्या वर्षी हे नावच नव्हतं, त्यामुळं इथं पास झालेला माल तिथं नापास झाला. शेकडो कंटेनर अडकले, त्यातले बरेच रॉटरडॅमच्या बंदरात. त्यातल्या एकात आमच्या पेट्या होत्या. निर्यातदारानं आधी फोन उचलला, मग उचलणं बंद केलं. निम्मे पैसेसुद्धा हातात पडले नाहीत. बहिणीचं लग्न एक वर्ष पुढं गेलं.

ती रात्र मला अजून आठवते. अण्णांनी कपाटातून फवारणीची वही काढली. बहिणीची शाळेची जुनी चौकटीची वही, मागच्या पानांवर औषधांच्या नोंदी. मे महिन्याच्या पानावर पेन्सिलीनं लिहिलेलं होतं, "सीसीसी, दोन्ही प्लॉट." अण्णा बराच वेळ त्या ओळीवर बोट ठेवून बसले होते. त्यांनी काही लपवलं नव्हतं. नोंद घरात होती, ती कुणी मागितली नाही आणि कुणी वाचली नाही. ती एक ओळ वेळेवर कुणाच्या नजरेला पडली असती तर आमचा माल कंटेनरात चढलाच नसता. बेदाण्याला गेला असता आणि आम्ही वाचलो असतो.

त्यानंतर काय झालं ते तुम्हाला माहीत आहे. सीसीसी तपासणीच्या यादीत आलं. पुण्याजवळच्या मांजरीतल्या द्राक्ष संशोधन केंद्रानं आणि शेतमालाच्या निर्यातीचं काम बघणाऱ्या अपेडानं प्रत्येक प्लॉटचा माग ठेवणाऱ्या ग्रेपनेटवर पकड घट्ट केली. निर्यातीच्या प्लॉटवर सीसीसी मारणं आम्ही सोडलं. युरोप परत माल घ्यायला लागला. भाव पाडला म्हणून नाही, दिल्लीहून कुणी जाऊन विनंती केली म्हणूनही नाही. कुठली पेटी कुठल्या बागेतली आणि त्या बागेत काय मारलं होतं, हे दाखवता आलं म्हणून.

तेव्हापासून बंद झालेली बाजारपेठ कुणी कशी परत मिळवली, हे मी वाचत असतो. त्यात सगळ्यात जास्त शिकवून जातो तो गोमांसाचा इतिहास. आपल्या राज्यात २०१५ पासून गोवंश हत्याबंदी आहे आणि माझ्या घरातही गाय ही गोठ्यातली लक्ष्मी आहे, तेव्हा त्यावर कमेंटमध्ये भांडू नका. मला फक्त धडा सांगायचाय.

ब्रिटनमध्ये १९८६ ला गाईंचा मेंदू पोखरणारा रोग सापडला, बीएसई. मेलेल्या जनावरांच्या हाडामांसाची भुकटी गाईंच्या खाद्यात घातल्यानं तो पसरला. मार्च १९९६ मध्ये सरकारनं कबूल केलं की माणसाच्या आजाराशी याचा संबंध असण्याची शक्यता आहे, आणि आठवड्याभरात युरोपनं ब्रिटिश गोमांसाची निर्यात बंद केली, साऱ्या जगासाठी. ब्रिटननं काय केलं? त्याच वर्षी जुलैपासून जन्मणाऱ्या प्रत्येक वासराला पासपोर्ट. जन्म कधीचा, कुठल्या गोठ्यातला, पुढं कुठं कुठं गेलं, सगळं कागदावर. लाखो जनावरं मारावी लागली. १९९९ च्या ऑगस्टमध्ये दार थोडं उघडलं, तेही १ ऑगस्ट १९९६ नंतर जन्मलेल्या जनावरांपुरतं आणि हाडं काढलेल्या मांसापुरतं. फ्रान्स तरी अडून बसला, त्यानं २००२ पर्यंत घेतलं नाही. बंदी पूर्ण उठायला मे २००६ उजाडला. दहा वर्षं!

अमेरिकेचं उदाहरण तर जास्त झोंबणारं आहे. डिसेंबर २००३ मध्ये वॉशिंग्टन राज्यात एक, फक्त एक गाय याच रोगानं आजारी निघाली. ती कॅनडातून आणलेली होती, पण जपाननं सगळ्या अमेरिकेचं मांस बंद केलं. दोन वर्षं घासाघीस करून डिसेंबर २००५ ला बाजार उघडला. महिना-दीड महिन्यात नारिता विमानतळावर एका मालात मणक्याचं हाड सापडलं, जे पाठवायचं नाही असं ठरलं होतं. बाजार परत बंद, तो जुलैपर्यंत. वीस महिन्यांच्या आतल्याच जनावराचं मांस घेण्याची अट २०१३ पर्यंत टिकली, आणि वयाची अट पूर्ण सुटायला २०१९ आलं. कोरियात तर २००८ ला सरकारनं अमेरिकेच्या मांसाला होकार दिला तेव्हा सोलच्या रस्त्यावर माणसं मेणबत्त्या घेऊन उतरली. कुणा एकाची चूक आणि भोगायचं सगळ्यांनी. हे आम्हाला २०१० ला कळलं.

आता म्हशीकडं येतो. आपल्या देशातून म्हशीचं मांस बाहेर जातं, पण बरेच चांगले पैसे देणारे देश ते घेत नाहीत, कारण आपल्याकडं लाळ्या-खुरकूत आहे. ज्यांना मांसाचा विषयच नको त्यांनी दुधाचा विचार करावा. हा रोग असलेल्या देशाच्या दुधाच्या पदार्थांवरही अटी लागतात. २०१९ ला देशभर लसीकरणाचा कार्यक्रम सुरू झाला, २०३० पर्यंत रोग हटवायचं ठरलंय. ती लस कुठल्या जनावराला दिली हे त्या बिल्ल्यावरच्या १२ आकड्यांशिवाय कळणार कसं?

आणि चार दिवसांच्या दुधाचं म्हणता? माझ्या मुऱ्हा म्हशीला एकदा लाळ्या झाला होता. तोंडातून तारा लोंबत होत्या, जिभेची साल निघाली, खुरात फोड येऊन उभं राहवेना. आठ दिवस आम्ही तिला हातानं पेज पाजली. ती वाचली, पण दुधाला परत कधी लागली नाही.

तक्रारी खोट्या नाहीत, हेही सांगतो. बिल्ला मारायचं यंत्र न धुता शंभर जनावरांना वापरलं तर कान चिघळणारच. टोचणाऱ्यानं यंत्र पुसून घ्यावं, जखमेला औषध द्यावं, हे आपण ठणकावून मागितलं पाहिजे. आणखी एक सलतं. युरोपच्या पेटीचं सॅम्पल निघतं, पण मुंबई-कोलकात्याला जाणाऱ्या पेटीचं, आपल्या पोरांच्या डब्यात जाणाऱ्या घडाचं कोण काढतं? आपल्या माणसांच्या पोटाची काळजी परक्याच्या पोटापेक्षा कमी का?

सोमवारी माझ्या दोन्ही म्हशी आणि रेडी गोठ्यातच असतील. कानाला लावायला हळद आणि तेल वाटीत काढून ठेवतोय. ज्याला भीती वाटते त्यानं आपली जनावरं घेऊन सातला आमच्याकडं या, यंत्र धुवायला गरम पाणी मी तापवून ठेवतो. अण्णांची ती वही अजून घरात आहे, तीही बघून जा.