बोल्ट केव्हा आवळायचा: बुश बदलण्याच्या लेखावरील एका प्रतिक्रियेला उत्तर

गाडीच्या सस्पेन्शनचे झिजलेले बुश (सांध्यांमध्ये बसवलेले रबरी तुकडे) घरी कसे बदलावेत, या माझ्या लेखावर आपण सविस्तर आणि परखड प्रतिक्रिया लिहिली, त्याबद्दल आभार. आपले चार आक्षेप आहेत. हायड्रॉलिक प्रेस (बुश भोकात दाबून बसवणारे यंत्र) नसेल तर हे काम घरी करूच नये, हा पहिला. गाडीचे वजन चाकांवर आल्याशिवाय बोल्ट शेवटचा आवळू नये, हा माझा आग्रह निरर्थक आहे, कारण आपल्या परिचयाचे मेकॅनिक वीस वर्षे चाके लोंबकळत असतानाच बोल्ट आवळत आले आहेत, हा दुसरा. रात्रभर फ्रीजरमध्ये ठेवलेला बुश हाताने आत जातो हे माझे विधान खोटे आहे, हा तिसरा. आणि सुरक्षिततेवर मी जेमतेम एक वाक्य खर्च केले, हा चौथा. शेवटचे दोन मला पूर्ण मान्य आहेत, पहिला अर्धा मान्य आहे आणि दुसरा मुळीच मान्य नाही. सुरुवात त्या दुसऱ्यापासूनच करतो, कारण नवा बुश किती टिकणार हे बहुतांशी त्यावरच ठरते.

आपण लिहिता की चाके हवेत असताना आवळा किंवा जमिनीवर असताना आवळा, बोल्ट तोच आणि टॉर्कही (आवळण्याचा पिळाचा जोरही) तोच. बोल्टपुरते हे खरे आहे, रबरापुरते नाही. चाकाला गाडीच्या सांगाड्याशी जोडणाऱ्या लोअर आर्मच्या नेहमीच्या बुशमध्ये बाहेर एक पोलादी नळी, आत दुसरी बारीक पोलादी नळी आणि मधे दोन्हींना कायमचे चिकटलेले रबर असते. आर्म वर-खाली होतो तेव्हा यातले काहीही कशावरही घसरत नाही. बाहेरची नळी आर्मबरोबर फिरते, आतली नळी बोल्टच्या दाबामुळे ब्रॅकेटच्या दोन कानांमध्ये जखडलेली राहते, आणि या दोन नळ्यांमधला फरक रबर स्वतः पिळले जाऊन भरून काढते. दाराच्या बिजागरीत खीळ फिरते, तशी इथे कुठलीच खीळ फिरत नाही. रबर हीच बिजागरी आहे. त्यामुळे बोल्ट आवळण्याच्या क्षणी आर्म ज्या कोनात असतो, तोच त्या रबराच्या विश्रांतीचा कोन ठरतो आणि पुढे आयुष्यभर रबर त्या कोनाकडे परत जाण्याची ओढ धरून राहते.

आता हा कोन किती, ते पाहू. आर्मची लांबी बुशपासून बॉल जॉइंटपर्यंत (चाकाकडच्या टोकाच्या सांध्यापर्यंत) ३५० मिलिमीटर धरली आणि गाडी जॅकवर घेतल्यावर बॉल जॉइंटचे टोक ९० मिलिमीटर खाली उतरले असे मानले, तर आर्म सुमारे १५ अंशांनी वळलेला असतो. त्या अवस्थेत बोल्ट आवळून गाडी खाली उतरवली की ती नुसती उभी असतानाही रबर १५ अंश पिळलेले राहते. मग खड्ड्यात किंवा उंचवट्यावर टोक आणखी ८० मिलिमीटर वर गेले, तर त्यात सुमारे १३ अंशांची भर पडते. योग्य उंचीवर आवळलेल्या बुशला जिथे १३ अंश सोसायचे असतात, तिथे या बुशला २८ अंश सोसावे लागतात, आणि दोन हेलकाव्यांच्या मधे त्याला सैल पडण्याची संधीही मिळत नाही. शिवाय हे पिळलेले रबर एखाद्या छोट्या स्प्रिंगसारखे आर्मला खाली ढकलत राहते, त्यामुळे गाडी त्या कोपऱ्यात किंचित उंच बसते.

वीस वर्षांत एकही गाडी परत आली नाही, या मुद्द्याकडे मी दुर्लक्ष करत नाही. पण अशी चूक दुसऱ्या दिवशी आवाज करत नाही. ती काही महिन्यांनी उघडी पडते, आणि तेव्हा दोष बुशच्या दर्जावर जातो. माझ्या पहिल्या कामात नेमके हेच घडले. मी दोन्ही आर्म चाके लोंबकळत असतानाच पूर्ण आवळले होते. वर्ष उलटण्याच्या आत ब्रेक दाबताना तोच जुना ठक्क आवाज परत आला आणि बुश निकृष्ट होते असे मी मनाशी ठरवून टाकले. ते बाहेर काढल्यावर रबर आतल्या नळीपासून सुटलेले दिसले, आणि त्यावरच्या भेगा दोन्ही बुशांत पिळाच्या एकाच दिशेने तिरक्या गेलेल्या होत्या. त्याच बनावटीचे बुश पुन्हा घालून या वेळी वजन चाकांवर असताना बोल्ट आवळले, आणि ते अजून गाडीत आहेत. एका गाडीचा अनुभव म्हणजे पुरावा नव्हे, हे मी जाणतो. पण रबराच्या रचनेवरून जे व्हायला हवे, तेच त्या भेगांमध्ये दिसत होते.

या नियमाला मर्यादा आहेत आणि त्या मी मूळ लेखात नोंदवायला हव्या होत्या. पॉलियुरेथेनचा (रबराऐवजी वापरल्या जाणाऱ्या कडक प्लास्टिकसारख्या पदार्थाचा) बुश आतल्या नळीला चिकटलेला नसतो, तो तिच्यावर फिरतो. त्यामुळे तिथे आवळण्याच्या उंचीने फरक पडत नाही. (त्याची किंमत वेगळ्या रीतीने मोजावी लागते: सिलिकॉन ग्रीस नीट लावले नाही तर तो कुरकुरतो, आणि रस्त्याची थरथर जास्त आत येऊ देतो.) काही आर्मचा मागचा बुश उभ्या बोल्टवर असतो, तिथे आर्मच्या वर-खाली होण्याने रबर बोल्टभोवती फारसे पिळले जात नाही. तर काही गाड्यांत बुश आर्मच्या दांड्यावर दाबून बसवलेला असतो, आणि तिथे दाबतानाचा कोनच निर्णायक असतो. तो चुकला तर नंतर बोल्ट सैल करून आवळण्याने काहीच सुधारत नाही. आपली गाडी यांपैकी कोणत्या प्रकारची आहे, हे तिच्या सर्व्हिस मॅन्युअलमध्येच पाहावे लागते.

प्रत्यक्षात हे साधायचे कसे, यावर मी एक सोपा वाटणारा सल्ला दिला होता: गाडी उचलण्यापूर्वी चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंतचे अंतर मोजावे आणि नंतर आर्मखाली जॅक लावून तेच अंतर परत आणावे. इथे आपल्या चौथ्या आक्षेपाचे वजन मला पूर्णपणे जाणवते. त्या उंचीला येईपर्यंत गाडीच्या त्या कोपऱ्याचा जवळजवळ सगळा भार जॅकवर गेलेला असतो आणि बॉडी स्टँडवरून उचलली जाण्याच्या बेतात असते, आणि नेमके तेव्हाच माणूस खाली वाकून लांब पान्यावर जोर लावत असतो. हा सल्ला मी मागे घेतो. बोल्ट हाताने बसतील इतपत आवळून चाके लावावीत, गाडी खाली उतरवावी, मग ती अगदी सावकाश रॅम्पवर चढवून, थोडी मागेपुढे हलवून सस्पेन्शन बसू द्यावे, हँडब्रेक ओढावा, चाकांना ठोकळे लावावेत आणि तिथे टॉर्क पान्याने शेवटचे आवळावे. यात एक तास जास्त जातो, तो जाऊ द्यावा.

त्याहून मोठी उणीव स्प्रिंगची होती. माझा लेख मॅकफर्सन स्ट्रटच्या, म्हणजे शॉक ॲब्सॉर्बर आणि स्प्रिंग एकाच उभ्या खांबात असलेल्या गाडीवर बेतलेला होता. तिथे स्प्रिंग स्ट्रटच्याच दोन बैठकांमध्ये अडकलेली असते, आणि लोअर आर्म सोडवला तरी ती सुटत नाही. पण अनेक डबल विशबोन (चाकाला वर एक आणि खाली एक आर्म असलेल्या) रचनांत आणि कितीतरी गाड्यांच्या मागच्या सस्पेन्शनमध्ये स्प्रिंग थेट आर्मवरच बसलेली असते. तिथे चाक पूर्ण लोंबकळत असतानाही ती दाबलेलीच असते, आणि आर्मचा बोल्ट काढल्यास ती ताकदीने बाहेर येऊन जीव घेऊ शकते. हे मी लिहिले नव्हते. आता लेखाच्या आरंभीच ठळकपणे लिहिले आहे की आपल्या गाडीची स्प्रिंग कशावर बसलेली आहे हे ठाऊक नसेल, किंवा ती आर्मवर असेल, तर हे काम घरी करू नये. आणि गाडी कधीही केवळ जॅकवर ठेवून तिच्याखाली जाऊ नये.

आता प्रेसविषयी. प्रेसने काम सरळ आणि स्वच्छ होते, हे निर्विवाद आहे. पण त्यावाचून पुरेसा दाब निर्माणच होत नाही, हे आपले म्हणणे गणिताला धरून नाही. बुशमधून आटेदार रॉड ओवून, नट आवळत तो भोकात ओढून घेता येतो. १२ मिलिमीटरच्या अशा रॉडवर, आट्यांना नीट ग्रीस लावून, ६० न्यूटन-मीटर टॉर्क दिला तर ढोबळमानाने २५ किलोन्यूटन, म्हणजे अडीच टनांच्या आसपास ओढ मिळते. ८.८ दर्जाचा रॉड सुमारे ४९ किलोन्यूटनपर्यंत कायमचा ताणला न जाता टिकतो, पण ४.६ दर्जाचा साधा रॉड सुमारे १९ किलोन्यूटनलाच हार मानतो. घरच्या घरी बुश ओढताना आटे खाल्ले जाऊन सगळे अडकून बसते, ते बहुधा या साध्या रॉडमुळे. मी दर्जा लिहिला नव्हता, म्हणून हा आक्षेप अर्धा मान्य आहे. दाब फक्त बाहेरच्या नळीच्या कडेवर यावा, रबरावर किंवा आतल्या नळीवर येऊ नये, आणि समोरच्या बाजूला बुश मोकळेपणी आत शिरेल एवढ्या व्यासाचा मजबूत कप असावा. प्रेस नसेल तर हातोड्याने ठोकूनही भागते, असे काही जण म्हणतात, ते मात्र मी स्वीकारणार नाही. ठोकल्याने बुश तिरका शिरतो, भोक अंडाकृती होते, आणि ओतीव ॲल्युमिनियमच्या आर्मला डोळ्यांना न दिसणारी चीर पडू शकते.

फ्रीजरबाबत आपण बरोबर आहात आणि मी चूक होतो. ४० मिलिमीटर व्यासाची पोलादी नळी २५ अंशांवरून उणे १८ अंशांपर्यंत थंड केली तर तिचा व्यास अवघा ०.०२ मिलिमीटरने कमी होतो. बुशची नळी भोकापेक्षा सहसा याहून जास्त मोठी ठेवलेली असते, म्हणून थंड बुश थोडा सुलभ जाईल, हाताने जाणार नाही. मला तो सोपा गेला तो मुख्यतः भोक तारेच्या ब्रशने घासून चकचकीत केले होते आणि साबणाचे पाणी लावले होते म्हणून. त्यावर आपण सुचवलेले इंजिन ऑइल कृपया वापरू नये. नैसर्गिक रबर खनिज तेलाने फुगते आणि मऊ पडते.

आपण शेवटी विचारले आहे की बुश बदलल्यावरही आपली गाडी एका बाजूला का ओढते. आर्म काढून परत बसवल्यावर चाकांचे कोन पूर्वीसारखेच येतील याची खात्री नसते, म्हणून प्रथम व्हील अलाइनमेंट करून घ्यावे. परंतु त्याआधी एक गोष्ट तपासावी. आपल्या बुशच्या रबरात पोकळ खाचा असतील, तर त्या आर्मवरच्या खुणेशी जुळल्या आहेत का, हे टॉर्च लावून पाहावे. अशा बुशला एका दिशेने मऊ आणि दुसऱ्या दिशेने कडक ठेवलेले असते. एका बाजूचा बुश नव्वद अंश फिरलेला बसला असेल, तर ब्रेक दाबल्यावर दोन चाके सारखी मागे सरकत नाहीत, आणि ते कोणत्याही अलाइनमेंटने दुरुस्त होत नाही. खाचा कोणत्या दिशेला आहेत ते मला कळवलेत, तर पुढे काय करायचे ते सांगता येईल.