‘नळ थेंब थेंब सोडा आणि निवांत झोपा’: कॅम्परच्या पाइपांबद्दलच्या एका संदेशाचा प्रतिवाद

थंडी पडू लागली की एक संदेश फिरायला लागतो. मजकूर थोडक्यात असा: कॅम्परमधले (राहण्याची सोय असलेल्या गाडीतले) पाण्याचे पाइप गोठू नयेत म्हणून रात्री सिंकचा नळ थोडा सोडून ठेवा, आत विजेचा हीटर लावा, पाइपांना फोम गुंडाळा, टाकीत दोन मुठी मीठ टाका, आणि हल्लीचे पेक्स (लवचीक प्लॅस्टिकचे) पाइप गोठले तरी फुटत नाहीत, तेव्हा चिंता सोडा. पाचही गोष्टींत खरेपणाचा एखादा कण आहे, म्हणून तो पटतो. सकाळी मात्र पंप नुसता घरघरतो आणि नळाला टिपूस येत नाही.

‘वाहतं पाणी गोठत नाही, म्हणून नळ सोडा.’

घरात ही युक्ती चालते. घराला येणारा पाइप जमिनीखालून येतो, त्यातलं पाणी गोठणबिंदूच्या काही अंश वर असतं आणि प्रत्येक थेंबाबरोबर थोडी ऊब आत येत राहते. सांडपाणीही जमिनीत खोल निघून जातं. कॅम्परची दोन्ही टोकं उघड्यावर असतात. येणारं पाणी जमिनीवर पसरलेल्या होजमधून (लवचीक नळीतून) येतं आणि जाणारं तशाच दुसऱ्या होजमधून जातं.

हिशोब करून बघा. सेकंदाला एक थेंब सोडला तर मिनिटाला साधारण १५ मिलिलिटर पाणी जातं. १२ मिलिमीटर व्यासाच्या, १५ मीटर लांबीच्या होजमध्ये सुमारे १.७ लिटर पाणी मावतं. म्हणजे होजमध्ये शिरलेला थेंब नळापर्यंत पोचायला जवळपास दोन तास घेतो, आणि ते दोन तास तो उघड्या थंडीत पडून असतो. याला ‘वाहतं’ म्हणणं जरा धाडसाचंच. बरं, धार वाढवावी तर पाणी जाणार कुठे? मिनिटाला २०० मिलिलिटर सोडलं तर आठ तासांत ९६ लिटर होतात. सांडपाण्याच्या टाकीचा वॉल्व्ह बंद असेल तर सकाळी शॉवरच्या तळात पाणी चढलेलं दिसेल, कारण सगळ्यांत खालचं तोंड तेच. वॉल्व्ह उघडा ठेवाल तर होजच्या तळाशी पातळ ओघळ गोठतो, त्यावर दुसरा, त्यावर तिसरा, आणि पहाटेपर्यंत होज बर्फाने गच्च. म्हणून थंडीत हा वॉल्व्ह बंदच ठेवायचा, टाकी भरत आली की एकदम सोडायची आणि होज उचलून निथळून ठेवायचा. आतल्या टाकीवर आणि पंपावर असाल तर थेंब सोडल्याने रात्रभर पंप थांबत-चालत राहतो आणि बॅटरी उतरते.

या सल्ल्यातला खरा कण वेगळाच आहे. पाइप बर्फ जिथे धरतं तिथेच फुटतो असं नाही. बर्फाचं बूच आणि बंद नळ यांच्यामध्ये पाणी कोंडतं, बर्फ वाढत जातं तसा त्या पाण्यावर दाब चढतो आणि कमकुवत जोड सुटतो. त्यामुळे पाइप गोठल्याची शंका आली की पंप बंद करून नळ उघडे ठेवायचे. पण ते दाब सोडण्यासाठी, गोठणं टाळण्यासाठी नव्हे.

मग करायचं काय? दिवसा आतली टाकी भरून घ्या, बाहेरचा नळ बंद करा, आतला एखादा नळ उघडून दाब उतरवा, होज काढा, पूर्ण निथळवा आणि गुंडाळून आत ठेवा. रात्री टाकी आणि पंप वापरा. होज जोडायच्या तोंडात एकमार्गी वॉल्व्ह असतो आणि त्यामागे थोडं पाणी उरतं. मधली टोपी हलकेच दाबली की तेही निघून जातं. दाब उतरवल्याशिवाय मात्र ती टोपी दाबू नका, आतली रबरी रिंग सुटते. तापणारा होज घ्यायला हरकत नाही, पण बाहेरचा नळ आणि जोड उघडेच राहिले तर तिथे गोठणार, आणि वीज गेली की तोही साधा होजच.

‘आत विजेचा हीटर लावा.’

या सल्ल्याने पाइप हमखास जातात. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी, तसला प्रकार. अनेक कॅम्परमध्ये गॅसच्या फर्नेसची (हवा तापवणाऱ्या भट्टीची) गरम हवा नळकांड्यांतून फरशीखालच्या पोकळीतही सोडलेली असते. टाक्या आणि पाइप तिथेच असतात. विजेचा १५०० वॉटचा हीटर खोली तापवतो, भिंतीवरचा थर्मोस्टॅट समाधानी होतो, फर्नेस सुरूच होत नाही आणि खालची पोकळी गार पडत जाते. माणसं उबेत, पाइप बर्फात. हीटर लावायचाच तर थर्मोस्टॅटपासून लांब लावा आणि फर्नेस अधूनमधून सुरू होईल असंच तापमान ठेवा.

आपल्या कॅम्परला खाली गरम हवा जाते का, हे आधी तपासा. फर्नेसमधून फरशीकडे उतरणारं नळकांडं सापडलं नाही तर फर्नेस कितीही चालवली तरी पोकळी तापणार नाही. तिथे तापणारी केबलच लागते. अंदाजावर राहण्यापेक्षा वायरलेस सेन्सरचा थर्मामीटर घ्या आणि सेन्सर पंपाजवळ किंवा सगळ्यांत खालच्या पाइपाशी ठेवा. तिथे आकडा ४ अंशांकडे उतरू लागला की काहीतरी करायची वेळ झाली, खोलीत कितीही ऊब वाटो. सिंकखालच्या आणि पलंगाखालच्या कपाटांची दारं रात्री उघडी ठेवा.

फर्नेसच्या खर्चाचा अंदाजही आधी घ्या. ताशी ३०,००० बीटीयूची (बीटीयू म्हणजे उष्णतेचं एकक) फर्नेस सतत जळली तर ९ किलोचा प्रोपेन सिलिंडर १३-१४ तासांत संपतो. कडाक्याच्या रात्री ती निम्मा वेळ चालते असं धरलं तरी एक सिलिंडर एका दिवसापेक्षा फार पुढे जात नाही, म्हणून दुसरा भरलेला हवाच. आणि गॅस प्रोपेनच हवा: प्रोपेन उणे ४२ अंशांपर्यंत वायू होतो, ब्युटेन उणे अर्ध्या अंशालाच द्रव राहून बसतो. ऊब मिळावी म्हणून स्वयंपाकाची शेगडी पेटवून झोपणं मात्र जिवावर बेतू शकतं. बंद जागेत कार्बन मोनॉक्साइड साठतो आणि त्याला वास नसतो.

‘फोम गुंडाळा.’ गुंडाळा की, पण फोम उष्णता तयार करत नाही, असलेली जरा उशिरा जाऊ देतो. रात्रभर उणे दहा अंश राहिलं तर फोममधला पाइपही गोठतो, काही तास उशिराने. फोमखाली तापणारी केबल असेल तर मात्र तो कामाचा. केबल स्वतः तापमान सांभाळणारी घ्या. साध्या केबलचे वेढे एकमेकांवर आले तर तिथे पाइप वितळतो. कॅम्परच्या खालच्या कडेला पडदा लावून वारा अडवणंही फायद्याचं. वारा पाइपाला हवेपेक्षा थंड करत नाही, पण त्याची ऊब झपाट्याने पळवतो. पडद्यामागे फर्नेसच्या धुराची वाट झाकली जाणार नाही एवढं बघा.

‘टाकीत मीठ टाका.’ समुद्राच्या पाण्यात लिटरमागे सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात आणि तरी ते उणे दोन अंशांच्या आसपास गोठतं. १५० लिटरच्या टाकीत एवढं करायला पाच किलोहून जास्त मीठ लागेल. मिळेल दोन अंशांची सवलत, आणि गीझरची टाकी गंजेल ते वेगळंच. याच चालीवर कोणी गाडीचं कूलंट ओततात. तसलं कूलंट बहुधा इथिलीन ग्लायकोलचं असतं, म्हणजे विष. पिण्याच्या पाण्याच्या पाइपांसाठी मिळणारं प्रोपिलीन ग्लायकोलचं गुलाबी द्रावणच वापरायचं, तेही कॅम्पर बंद ठेवताना आणि पाणी न मिसळता.

‘पेक्स फुटत नाही.’ नळी ताणते, हे खरं. पण गोठताना पाण्याचं आकारमान साधारण ९ टक्के वाढतं आणि ते सोसायचं असतं प्लॅस्टिकच्या एल्बोने (वळणावरच्या जोडाने), पंपाच्या डोक्याने, फिल्टरच्या भांड्याने आणि टॉयलेटच्या वॉल्व्हने. चीर पडते ती तिथे, आणि कळते ती बर्फ वितळल्यावर.

राहायचं नसेल तर यातलं काहीच करत बसू नका, पाणीच काढून टाका. गीझर बंद करून पूर्ण गार होऊ द्या, दाब उतरवा, मग खालचा प्लग काढा. गीझरला बायपास करा, म्हणजे त्याला वगळून वाट वळवा, नाहीतर २०-४० लिटर गुलाबी द्रावण नुसतं त्याचं पोट भरण्यात जाईल. बायपास केल्यावर एरवी ८ ते १२ लिटर पुरतं. फिल्टर काढा, तळाचे ड्रेन उघडा. कॉम्प्रेसरने हवा मारायची तर ४० पीएसआयच्या (हवेच्या दाबाचं एकक) वर जाऊ नका आणि एकेक नळ, गरम आणि गार दोन्ही, पाण्याचे शिंतोडे थांबेपर्यंत उघडा. बाहेरचा शॉवर आणि टॉयलेट हमखास विसरतात. नंतर पंपाने द्रावण ओढून प्रत्येक नळाला गुलाबी रंग दिसेपर्यंत सोडा आणि प्रत्येक सिंकखालच्या वाकात कपभर ओता.

आधीच गोठलं असेल तर ज्योत दाखवू नका. नळ उघडा, हेअर ड्रायर घेऊन नळाच्या टोकापासून मागे मागे सरका म्हणजे वितळलेल्या पाण्याला बाहेर पडायला वाट राहील. पाणी येऊ लागलं की सगळे नळ बंद करून पंप चालू ठेवा आणि कान द्या. पंप दाब भरून गप्प झाला पाहिजे. कुठलाच नळ उघडा नसताना तो मधूनच घर्र करत असेल तर पंप बंद करा आणि टॉर्च घेऊन आधी एल्बो, मग फिल्टर, मग टॉयलेटची मागची बाजू बघा.